मामांचं लॅटिन

तपकिरीचा वास मला आजही सहन होत नाही. दवाखाना चालवत होते तोवर एखादे आजोबा समोरच्या स्टुलावर बसून डबी उघडायला लागले, की मी त्यांना बाहेर पायरीवर पाठवत असे. बाईंचा कडक स्वभाव, असं लोक समजत. कारण कधी कुणाला सांगितलं नाही. आता वय झालंय, ज्यांच्याबद्दल बोलायचं ती माणसं गेली आहेत, तेव्हा सांगायला हरकत नाही. ते कारण साताऱ्याला, अजिंक्यताऱ्याच्या पायथ्याच्या एका पेठेत आहे.

आमचं गाव आष्ट्याजवळ. ऊस, तंबाखू, थोडा भुईमूग, आणि घरात सगळी जैन धर्माची शिस्त. कांदा-लसूण नाही, दिवस मावळल्यावर चूल नाही. माझे वडील, तात्या, स्वतः चार इयत्ता शिकलेले, पण आपल्या मुलीनं डॉक्टर व्हावं हे त्यांच्या डोक्यात कुणी भरवलं होतं कोण जाणे. गावात मुलींना पुढं शिकायची सोय नव्हती. साताऱ्याला माझी आत्ती होती. आमच्याकडं वडिलांच्या बहिणीला आत्ती म्हणतात आणि तिच्या नवऱ्याला मामा. मामा तिथल्या एका हायस्कुलात इंग्रजी शिकवत. अख्ख्या भावकीत एवढं शिकलेलं माणूस दुसरं नव्हतं. तात्यांनी मला त्यांच्या ओसरीवर सोडलं, गुळाची ढेप आत ठेवली आणि मामांच्या पाया पडून म्हणाले, "मास्तर, पोरगी तुमच्या वटीत घातली. हिला विंग्रजी पक्कं करा." मामांनी डबीतून चिमूट घेतली, नाकात ओढली, आणि डोळे मिटून शिंक यायची वाट बघत राहिले. शिंक आल्यावर म्हणाले, "बघू."

त्या शिंकेनं ते घर पहाटे जागं व्हायचं. मग खाकरणं, मग घशातून ओढून आणलेलं काहीतरी न्हाणीत थुंकणं, मग मोठ्यानं इंग्रजी वाचन. पांढऱ्या धोतराचा आणि कोटाचा माणूस, भांग रेघेसारखा सरळ, पण नाकाखाली कायम तपकिरी ओल. त्यांचे रुमाल आत्ती वेगळे भिजत घालायची. बादलीतलं पाणी काढ्यासारखं व्हायचं आणि त्यात शेंबडाचे दोरे तरंगायचे. ती ते पाणी ओतून पुन्हा भरायची, पुन्हा ओतायची, आणि मग राख लावून रुमाल घासायची. मी पहिल्यांदा ते बघितलं त्या दिवशी मला भाकरी गेली नाही. आत्ती हसून म्हणाली, "हुतंय सवयीनं." तिची सवय झाली होती. माझी कधीच झाली नाही.

आणि अंडी. आमच्या जातीच्या घरात अंडं म्हणजे काय, हे बाहेरच्याला सांगून कळणार नाही. मामा कोटाच्या खिशातून कागदात गुंडाळून अंडी आणत आणि मागच्या पडवीत स्वतः स्टोव्हवर उकडत. घासलेट मिळवायला आत्तीनं रेशनच्या रांगेत सकाळ घालवलेली असे. डॉक्टरांनी सांगितलंय, असं मामा म्हणत. कुठल्या डॉक्टरांनी, ते कधी कळलं नाही. टरफलं तशीच टाकून ते आत येत, आणि आत्ती तोंडाला पदर लावून ती सुपलीत भरून बाहेर नेऊन टाके. मग पडवी सारवून काढे. एकदा मी विचारलं, "आत्ती, तू बोलत का न्हाईस?" ती म्हणाली, "शिकल्यालं मानूस हाय. आपल्याला काय कळतंय त्यातलं."

संध्याकाळचं जेवण आटोपलं की उरलेल्या उजेडात मामा मला घेऊन ओसरीवर बसत. शिकवण्याची त्यांची पद्धत शाळेत कुणाचीच नव्हती. शब्द पाठ करायचा नाही, शब्द सोलायचा, असं ते म्हणत. पुढचा उपसर्ग काढायचा, मागचा प्रत्यय काढायचा, आणि मधे जी हाडं राहतात ती लॅटिनची. जेक्ट म्हणजे फेकणं. रिजेक्ट, माघारी फेकणं. इजेक्ट, बाहेर फेकणं. इंजेक्ट, आत फेकणं. स्पेक्ट म्हणजे बघणं. इन्स्पेक्टर आत डोकावून बघतो, आणि सस्पेक्ट म्हणजे खालून, डोळ्यांच्या कोपऱ्यातून बघणं. प्रि म्हणजे आधी, पोस्ट म्हणजे नंतर, सब म्हणजे खाली. "आणि इन्, याला दोन तोंडं आहेत," ते बोट उभं करून सांगत. "कधी आत, कधी नाही. कुठलं तोंड आहे हे ज्याला ओळखता येत नाही तो इग्नोरेमस. आता इग्नोरेमस म्हणजे काय? लॅटिनमध्ये, आम्हांला ठाऊक नाही. म्हणजे कोण? म्हणजे तू."

चुकलं की ते कान पिळत. मारण्याचं मला काही वाटत नसे, शाळेत सगळेच मारत. पण त्या बोटांना तपकीर असायची. कान पिळून झाला की पाळीवर तो दमट, उग्र, सडल्या पानाचा वास बसायचा. मी न्हाणीत जाऊन शिकेकाईनं कान धुवायची, तरी उशीला तो यायचा. मी आजही बोलताना नकळत उजव्या कानाला हात लावते, असं माझी नात म्हणते.

आणि तरीही खरं सांगायचं तर त्या शब्दांनी मला वेड लावलं. भुईमुगाची शेंग दाबली की टच्चकन फुटून दाणे हातात यावेत, तसे ते शब्द फुटायचे. वर्गातल्या मुली पानंच्या पानं घोकायच्या, आणि मला कधी न पाहिलेला शब्दही आपलं गुपित सांगून जायचा. ज्या तोंडातून हे सगळं यायचं त्या तोंडाची शिसारी, आणि जे यायचं त्याची भूक. एकाच ताटात दोन्ही. सोनं नरकात पडलं तरी उचलावं म्हणतात, पण उचलणाऱ्याच्या हाताला काय लागतं, हे म्हणणाऱ्यानं सांगितलेलं नाही.

रविवारी मामांचे दोन मित्र यायचे. एक वकील, दुसरे शाळाखात्यातले इन्स्पेक्टर. तिघं ओसरीवर बसून इंग्रजीत बोलत. मराठी फक्त आत काही मागवायचं असेल तेव्हा. आत्ती वाढायला आली की मामा तिच्याकडं न बघता तिच्याबद्दल काहीतरी बोलत, आणि तिघं हसत. मला सुरुवातीला ते कळत नसे. एक शब्द तेवढा वारंवार यायचा, ऑब्ट्यूस. तो मला माहीत होता. आमच्या भूमितीत ऑब्ट्यूस अँगल म्हणजे विशालकोन. मी आत्तीला जाऊन सांगितलं, मामा तुला विशाल म्हणतात. ती लाजली. "व्हय? जाड झालीया म्हनून का मन मोठं हाय म्हनून?" त्या दिवशी ती अंगणात पाणी शिंपताना गुणगुणत होती. पुढं एका संध्याकाळी मामांनी मला तोच शब्द सोलून दाखवला. मूळ अर्थ ठोकून धार घालवलेला, बोथट. माणसाच्या बाबतीत मठ्ठ. आत आत्ती भांडी घासत होती. मी तिला काही बोलले नाही, पण तेव्हापासून रविवारी मी दाराशी बसून प्रत्येक शब्द कान देऊन ऐकायला लागले.

ते ऐकायला मला मामांनीच तयार केलं होतं. आठवड्याला आठवडा माझा शब्दसंग्रह वाढत होता, आणि तेवढी तेवढी ती ओसरी मला उघडी दिसत होती. घरावरचं छप्पर एकेक कौल काढून न्यावं आणि खालची घाण दिसत जावी, तसं.

मग तो रविवार. आत्तीनं हुग्गी केली होती. खपली गहू आदल्या दिवशी ओलावून कांडलेला, गूळ, खोबरं, खसखस, वर तूप. आमच्याकडं सणाला किंवा मोठ्या पाहुण्याला करतात. सकाळपासून ती चुलीपाशी बसून होती, तोंड लाल झालं होतं. पाहुण्यांनी दोनदोनदा मागून घेतली. इन्स्पेक्टर बोटं चाटत मामांना इंग्रजीत म्हणाले, तुमच्या मंडळी कधी बोलत नाहीत वाटतं. मामांनी द्रोण ओठाला लावला, गिळलं, आणि सावकाश, वर्गात फळ्यापुढं उभे असल्यासारखे म्हणाले, "अ प्लॅसिड रुमिनंट, माय फ्रेंड. अनफॉर्च्युनेटली, इन्फेकंड."

माझ्या डोक्यात तो शब्द आपोआप सुटा झाला. मी थांबवू शकले नाही. रुमिनंट म्हणजे रवंथ करणारं जनावर, हे मला ठाऊक होतं. फेकंड म्हणजे सुपीक. जमीन फेकंड असते, हे मामांनीच पंधरवड्यापूर्वी सांगितलं होतं. आणि पुढं इन्. दोन तोंडांचा इन्. इथं कुठलं तोंड, हे ओळखायला इग्नोरेमसलाही वेळ लागला नसता. शांत गाय आहे, पण गाभण न राहणारी.

वकील असे हसले की त्यांच्या मिशीला लागलेली हुग्गी टपकन पानात पडली. आणि आत्ती, पळी हातात धरून वाकलेली आत्ती, तीही हसली. सगळे हसताहेत म्हणजे स्वयंपाक आवडला, असं वाटून हसली. म्हणाली, "आनि घालू का थोडी? लय हाय."

मी मागच्या दारानं पळाले आणि परसात भडभडून ओकले. गोड हुग्गी आंबट होऊन नाकातोंडातून आली. आत्ती धावत आली, तिनं माझं कपाळ धरलं, पाठीवरून हात फिरवत राहिली. तिच्या हाताला तुपाचा वास होता. ओसरीवरून मामांचा आवाज आला, "काय झालं तिला? जास्त खाल्लं असेल."

दुसऱ्या दिवशी दुपारी मामा शाळेत होते. मला बरं नाही म्हणून मी घरी होते. आत्ती धुण्याच्या दगडापाशी बसली होती, पुढ्यात ती रुमालांची बादली. मान वर न करता म्हणाली, "सुले, काल ते काय म्हनले?"

"काय न्हाई."

"तुझं त्वांड बघितलं मी. खरं सांग."

मी म्हटलं, "तुला गाय म्हनले."

ती हसली. "गाय काय वाईट असती का?"

"आनि फुडं..." मराठीत तो शब्द माझ्या तोंडून येईना. मग मी मामांच्याच पद्धतीनं सांगितलं. "फेकंड म्हंजे जिला फळं धरत्यात ती. इन् म्हंजे न्हाई."

तिनं रुमाल पिळायचा थांबवला. मग म्हणाली, "वांझ म्हन की सरळ."

मी रडायला लागले. ती रडली नाही. तिनं विचारलं, "कवापास्नं म्हनत्यात?" मी म्हटलं, मला आता आता कळायला लागलंय, आधीचं ठाऊक नाही. "म्हंजे मी एवढी वर्सं त्यांच्यासंगं हसतच वाढत हुते," ती म्हणाली, आणि तिच्या चेहऱ्यावर मी पहिल्यांदा किळस बघितली. नवऱ्याची नव्हे, स्वतःच्या त्या हसण्याची. तिनं ओठ पदरानं पुसले, जोरजोरानं, काहीतरी लागलं असावं तसे.

मग हळू आवाजात तिनं मला जे सांगितलं ते तोवर कुणालाच सांगितलं नव्हतं. कुंभोजच्या डोंगरावर नवस झाले, उपास झाले, शेवटी मिरजेला दाखवलं. दोघांना तपासलं. डॉक्टरनं मामांना एकट्याला आत बोलावलं, पण दार नीट लागलं नव्हतं. आत्तीत काही दोष नव्हता. "घरी आल्यावर सासूनं मलाच बोल लावला. हे गप बसले. मी बी गप बसले. बाप्यामानसाची लाज झाकावी म्हनलं." तिनं बादली लाथेनं कलंडली. ते काढ्यासारखं पाणी दगडावरून वाहत गेलं. रुमाल तिथंच पडले. संध्याकाळी मामांनी कोरडा रुमाल मागितला तेव्हा ती म्हणाली, "न्हाई धुतलं," आणि माझ्या शेजारी पान मांडून मामांच्या आधी जेवायला बसली.

आठवडाभर मामा घुम्यासारखे वागले. त्यांना वाटलं, बायकी रुसवा आहे, उतरेल. पुढच्या रविवारी मित्र आले, पानं मांडली गेली. आत्ती बाहेर आली, पण हातात भांडं नव्हतं. भिंतीला टेकून उभी राहिली.

"आवं," ती म्हणाली, "मागल्या रव्वारी माझ्याबद्दल विंग्रजीत जे बोलला, ते आज मराठीत बोला की. मला बी हसू द्या."

मामांनी माझ्याकडं बघितलं. "सुलोचना, आत जा."

"ती हितंच बसंल."

वकील गडबडले. "वहिनी, अहो, मित्रामित्रांतली थट्टा हो."

"थट्टा असंल तर मराठीत बी थट्टाच ऱ्हाईल, भाऊजी." आत्तीचा आवाज चढला नव्हता. वाढू का विचारायची तोच आवाज होता. "एकच शब्द हाय. त्येवढा म्हना, मी वाढाय घेते."

मामांनी तोंड उघडलं. मला वाटलं आता म्हणतात. पण त्यांच्या ओठांच्या कोपऱ्यात फेस आला, तपकिरीनं पिवळट, आणि शब्द आला नाही. "उगाच तमाशा करू नकोस," एवढंच म्हणाले.

"न्हाई जमायचं तुमास्नी," आत्ती म्हणाली. "का न्हाई जमायचं, ते तुमास्नी ठावं हाय, मला ठावं हाय, आनि मिरजंच्या डॉक्टरला ठावं हाय."

इन्स्पेक्टर आपल्या रिकाम्या पानाकडं इतक्या बारकाईनं बघत होते, जणू त्यावर काही लिहिलंय. वकिलांनी टोपी उचलली. मामा ताडकन उठले आणि त्यांचा हात माझ्या कानाकडं आला. तो पोचायच्या आत आत्तीनं मनगट धरलं. रोज जातं ओढणारा हात होता तो. मामांना सोडवता येईना. ते ओरडले, "गेट आउट!"

"एवढं विंग्रजी मला बी कळतंय," आत्ती म्हणाली आणि हात सोडला.

सकाळच्या सर्व्हिस मोटारीनं आम्ही निघालो. दुसऱ्या महायुद्धाच्या लढाईमुळं पेट्रोल मिळत नव्हतं, मोटार कोळशावर चालायची. मागच्या भट्टीचा धूर आत यायचा, वाटेत दोनदा सगळ्यांना उतरून चढ चालावा लागला. आत्तीच्या मांडीवर एकच बोचकं होतं. कराड येईपर्यंत ती काही बोलली नाही. कराडला तिनं दशम्या सोडल्या, मला एक दिली, स्वतः एक खाल्ली, आणि म्हणाली, "भूक लागलीया बघ. लय दिवसांनी."

तात्यांनी ऐकून घेतलं आणि आधी तेच बोलले जे सगळे भाऊ बोलतात. "मास्तर हायत. रागाच्या भरात गेलं आसंल तोंडातनं."

"रागानं न्हाई, दादा. हसत," आत्ती म्हणाली. "रागानं बोलले असते तर मी ऱ्हायले असते."

तात्या माझ्याकडं वळले. मी सगळं फोड करून सांगितलं, इन् आणि फेकंड. त्यांचा चेहरा काळवंडला. "ह्ये शिकाय धाडलं हुतं तुला मी? बास झाली शाळा." आत्ती तशीच उठून तात्यांच्या समोर जाऊन उभी राहिली. त्या घरात भावासमोर असं कुणी उभं राहत नसे. "पोरीची शाळा मोडायची न्हाई," ती म्हणाली. "हिला कळलं म्हनून मला कळलं. न्हाईतर मी मरस्तवर हसत वाढलं असतं."

तात्यांनी नंतर काही दिवस दोघींशी बोलणं टाकलं. मग एका सकाळी बैलगाडी जुंपायला सांगितली, वर धान्याची पोती चढवली आणि आम्हांला सांगलीला घेऊन गेले. शाळेजवळ दोन खोल्या घेतल्या. मी शाळेत जायची, आत्ती रांधायची. हळूहळू आमच्या समाजातल्या इतर गावच्या लोकांनीही आपापल्या मुली आणून सोडल्या, आणि त्या दोन खोल्यांच्या चार झाल्या. संध्याकाळी दिवस बुडायच्या आत ओळीनं पानं पडायची. मुली हसल्या तर आत्ती विचारायची, "कशाला हसताय गं?" आणि सांगितल्याशिवाय पुढची भाकरी वाढायची नाही.

मामा एकदाच आले. उंबऱ्याबाहेर उभे राहून शुद्ध मराठीत म्हणाले, झालं गेलं विसरावं. आत्तीनं पाणी दिलं, जेवलात का विचारलं. "चल," ते म्हणाले. ती म्हणाली, "पोरी यायची वेळ झालीया," आणि पीठ मळायला आत गेली. ते जाताना अंगणाच्या कठड्यापाशी शिंकले. मी तो कठडा नंतर पाण्यानं धुतला.

मी डॉक्टर झाले. शरीरशास्त्राच्या वर्गात बाकीचे मुलगे रात्ररात्र नावं घोकत, आणि मी इंटरकॉस्टल ऐकलं की हसत असे: इंटर म्हणजे मध्ये, कोस्टा म्हणजे बरगडी. प्राध्यापकांनी एकदा सगळ्यांसमोर विचारलं, हे लॅटिन कुठं शिकलात? मी म्हटलं, घरीच. आणि बसले तेव्हा तोंडात उकडलेल्या अंड्याची चव होती, जे मी जन्मात कधी खाल्लेलं नाही. जे माझ्याजवळ सगळ्यात उपयोगाचं होतं ते त्या हातांनी दिलेलं होतं, याची घृणा मला आयुष्यभर पुरली. शब्द धुता येत नाहीत. मी प्रयत्न केला.

मामा गेल्याची बातमी आली त्या दिवशी मी सांगलीतच होते. आत्तीनं अंगावरून पाणी घेतलं, मंगळसूत्र काढून डब्यात ठेवलं आणि दिवस कलायला लागला तशी चूल पेटवली. नव्यानंच आलेली कवठे महांकाळची एक मुलगी तिच्या मोकळ्या गळ्याकडं बघून भीतभीत म्हणाली, "आत्ती, कोण गेलं?"

आत्तीनं तव्यावरची भाकरी उलटली. "साताऱ्याला एक मास्तर हुते," ती म्हणाली. "विंग्रजी चांगलं शिकवायचे."

तिला तेवढं म्हणता आलं. मला अजून येत नाही.